जनुकांचा रिपोर्ट आधी की ऑपरेशन आधी?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझा मोठा भाऊ चोपन्न वर्षांचा, कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सांभाळतो. उन्हाळ्यापासून त्याची उजवी मांडी दुखत होती. वात असेल म्हणून तेल लावत बसलो. रात्रीची झोप उडाली तेव्हा एक्स-रे काढला आणि तिथून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, गेलो. एमआरआय झाला, बायोप्सी झाली. रिपोर्टवर ‘कॉन्ड्रोसार्कोमा, ग्रेड २, मांडीच्या हाडाचा वरचा भाग’ असं लिहिलंय. छातीचा सीटी स्कॅन साफ आहे. गोमेकॉतल्या डॉक्टरांनी परळला टाटा इस्पितळात जाऊन ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. किमोची गरज नाही म्हणाले.

भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, पुण्यात आयटीत आहे. त्याने इंटरनेटवरून शोधनिबंध काढलेत. ठरावीक जनुकं तपासली की या रोगाचा रुग्ण किती जगेल ते कळतं, असं त्यांत आहे म्हणे. एक खासगी लॅब तशी तपासणी करून देते. किंमत ऐकल्यावर वहिनी हातातल्या पाटल्यांकडे बघत राहिली. भाचा म्हणतो, तो रिपोर्ट आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. रिपोर्ट वाईट आला तर बाबांना उगाच चिरफाड कशाला? दादाला आम्ही फक्त ‘गाठ आहे’ एवढंच सांगितलंय. तपासणी करावी का? आणि खरं सांगा, दादाच्या हातात किती वर्षं आहेत? मुलांनाही हे होईल का, असं वहिनी विचारते. कृपया नाव छापू नये.

उत्तर

ताई, ऑपरेशन थांबवू नका. तारीख मिळेल ती घ्या. जनुकांच्या तपासणीसाठी पाटल्या मोडू नका; मोडायच्याच झाल्या तर परळचा मुक्काम, जाण्यायेण्याचा खर्च आणि नंतरची फिजिओथेरपी यांसाठी ठेवा. भाच्यावर रागावू मात्र नका. बापाच्या आजाराने घाबरलेल्या पोराला जे करता येतं ते त्याने केलं, आणि त्याने वाचलेलं सगळंच चूक नाही. फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. तो उलटा का, हे जरा सविस्तर लिहिते, कारण उद्या हे तुम्हालाच त्याला समजावून सांगावं लागेल.

मी पॅथॉलॉजिस्ट. नोकरीची सगळी वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघण्यात गेली, आणि हाडाची काचपट्टी समोर आली की शेजारी एक्स-रे ठेवल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. कॉन्ड्रोसार्कोमा म्हणजे कूर्चा तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग. नाकाच्या शेंड्याला, कानाच्या वरच्या कडेला जे लवचीक लागतं ती कूर्चा. तशीच कूर्चा हाडाच्या आत नको तिथे वाढायला लागते आणि हाड आतून पोखरते. हा रोग बहुतेक चाळिशीनंतरचा. कमरेचं हाड, मांडीचं हाड, दंड, बरगड्या, खांदा या त्याच्या आवडत्या जागा. शाळकरी पोरांना गुडघ्याजवळ होणारा ऑस्टिओसार्कोमा वेगळा. त्याला किमो लागते आणि लागू पडते. तुमच्या ओळखीच्या कोणाच्या मुलाला तो झाला असेल आणि त्याला महिनोन्‌महिने किमो दिली असेल, तर दादालाच का देत नाहीत, अशी शंका घरात येणारच. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून किमो नाकारली, असा अर्थ कृपया काढू नका. दादाच्या प्रकारात पेशी सावकाश वाढतात, भोवती कूर्चेचा घट्ट गर असतो, त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. किमोची औषधं वेगाने वाढणाऱ्या पेशींना पकडतात. इथे ती नुसती केस घालवतील, उलट्या देतील, गाठीला फारसं काही करणार नाहीत. नेहमीच्या किरणोपचारालाही ही गाठ दाद देत नाही. राहिली शस्त्रक्रिया, आणि ती शेवटचा नाही, पहिला आणि मुख्य उपाय आहे.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे येते. त्याला हवाय तसा मार्कर, म्हणजे रोग पुढे कसा वागेल याचा अंदाज देणारी खूण, तुमच्या फायलीत आधीच आहे. तिचं नाव ग्रेड. पेशी किती दाटीने बसल्यात, त्यांची केंद्रकं किती मोठी आणि वेडीवाकडी झालीत, विभाजन दिसतं की नाही, हे पाहून आम्ही १, २ किंवा ३ असा आकडा लिहितो. पद्धत जुनी आहे, त्यात माणसाची नजर चुकू शकते, दोन पॅथॉलॉजिस्टचं एकाच काचपट्टीवर एकमत होत नाही असंही घडतं, विशेषतः साधी कूर्चेची गाठ आणि ग्रेड १ यांच्या सीमेवर. तरीही या रोगात आयुष्याचा अंदाज देण्यात ग्रेडला मागे टाकेल अशी एकटी रेणवीय खूण, म्हणजे जनुकांच्या पातळीवरची खूण, अजून हाती आलेली नाही. ग्रेडच्या जोडीला आणखी तीन गोष्टी असतात. गाठ कुठे आहे. हातापायातली गाठ काढायला सोपी, कमरेच्या हाडातली किंवा मणक्याजवळची अवघड. रोग फुप्फुसात गेलाय का. आणि गाठ काढताना तिच्याभोवती निरोगी भागाची कड सगळीकडून राहिली का.

यातल्या दोन गोष्टी दादाच्या बाजूने आहेत. गाठ पायात आहे आणि छाती साफ आहे. ग्रेड मधला आहे. चौथी गोष्ट, ती निरोगी कड, ही सगळ्यांत एकच अशी की जी अजून घडायची आहे आणि माणसाच्या हातात आहे. भाच्याने वाचलेल्या एकाही जनुकाबद्दल असं म्हणता येत नाही. जनुक बदलता येत नाही, सर्जन निवडता येतो. बांबोळीच्या डॉक्टरांनी तुम्हाला परळला पाठवलं ते याच कारणासाठी. हाडांचे कर्करोग मुळात दुर्मिळ. जिथे देशभरातून असे रुग्ण येतात, जिथे हाडांचा सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करतात, तिथला पहिला घाव आणि दुसरीकडचा पहिला घाव यांत फरक पडतो. पहिल्या ऑपरेशनात गाठ फुटली किंवा थोडी मागे राहिली, तर कूर्चेच्या पेशी आजूबाजूच्या मांसात रुजतात आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होऊन बसतं.

गावात कोणी सांगेल, ‘आमच्या अमक्याची कूर्चेची गाठ नुसती खरवडली आणि तो आठवड्यात घरी आला.’ आला असेलही. हातापायातल्या ग्रेड १ गाठीला हल्ली कर्करोग म्हणणंही टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात तिचं नावच निराळं केलंय, आणि ती काळजीपूर्वक खरवडून काढलेली चालते. ग्रेड २ ला तो नियम लागू नाही.

किती वर्षं, असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न टाळणारे डॉक्टर मला आवडत नाहीत, म्हणून आकडा देते. या रोगावरचा १९७७ सालचा एक अमेरिकी अभ्यास आजही दाखल्यासाठी वापरतात. त्यात दहा वर्षांनी हयात असलेले रुग्ण ग्रेड १ मध्ये ८३ टक्के, ग्रेड २ मध्ये ६४ टक्के आणि ग्रेड ३ मध्ये २९ टक्के होते. ग्रेड २ मधल्या सुमारे दर दहांपैकी एकाचा रोग दूर पसरला होता. हे आकडे एमआरआय येण्याआधीच्या काळातले आहेत, त्यांत कमरेच्या हाडातल्या अवघड गाठीही मिसळलेल्या आहेत. म्हणून दादाला ते जसेच्या तसे चिकटवायचे नाहीत. पण एवढं नक्की कळतं की ‘हातात आता किती महिने’ असल्या भाषेत बोलावं असा हा आजार नाही. दहा वर्षांचा हिशेब मांडता येतो, आणि त्यात पारडं दादाच्या बाजूला झुकलेलं आहे.

आता भाच्याचे शोधनिबंध. तुम्ही पाठवलेल्या प्रिंटवर त्याने पिवळ्या शाईने ‘आयडीएच’ अधोरेखित केलंय आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलंय. ही खूण खरी आहे आणि महत्त्वाचीही आहे, म्हणून तिच्यावर थोडी जास्त थांबते. आयडीएच-१ आणि आयडीएच-२ ही पेशीच्या ऊर्जाचक्रातल्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, जनुकं. त्यांत ठरावीक जागी बदल झाला की ते विकर भलतंच रसायन तयार करायला लागतं, आणि त्या रसायनामुळे पेशीतली कुठली जनुकं चालू राहायची, कुठली बंद व्हायची, याची घडी विस्कटते. हाडाच्या आत वाढणाऱ्या कॉन्ड्रोसार्कोमापैकी निम्म्याच्या आसपास गाठींत हा बदल सापडतो, हे २०११ मध्ये पुढे आलं. त्यावर खूप काम झालं. हा बदल असलेले रुग्ण जास्त जगतात की कमी? काही अभ्यास म्हणतात कमी, काही म्हणतात जास्त, काहींना फरकच आढळला नाही. भाच्याच्या हाती यांतला पहिला लागला. दुसरा लागला असता तर त्याने तुम्हाला पेढे वाटले असते.

त्यातून मेंदूच्या ग्लायोमा गाठीत हाच बदल चांगला समजतात. तिथे तो असलेले रुग्ण बऱ्यापैकी जास्त जगतात. मोबाइलवर शोधताना मेंदूचा निष्कर्ष आणि हाडाचा निष्कर्ष एकाखाली एक येतात आणि वाचणाऱ्याला दोन्ही आपलेच वाटतात. एकाच खुणेचा अर्थ अवयवागणिक बदलतो. आणखी एक गंमत आहे. निरुपद्रवी कूर्चेच्या गाठीतही, जी आयुष्यभर हाडात पडून राहते आणि कोणाला कळतही नाही, तिच्यातही हा बदल असतो. म्हणजे नुसता आयडीएच पॉझिटिव्ह आला म्हणून गाठ वाईट, असं ठरत नाही.

मग ती तपासणी करतात कशाला? खरा उपयोग रोगाचं नाव नक्की करण्यासाठी, म्हणजे निदानासाठी. काही ऑस्टिओसार्कोमा कूर्चेचं सोंग घेतात. सुईने काढलेल्या इवल्याशा तुकड्यात फक्त कूर्चा दिसते आणि फसायला होतं. ऑस्टिओसार्कोमात आयडीएचचा बदल जवळजवळ नसतोच. तो सापडला की कॉन्ड्रोसार्कोमाकडे बोट जातं, आणि त्यावरून किमो द्यायची की नाही ठरतं. केवढा मोठा निर्णय! दुसरा उपयोग औषधाचा. आयडीएच-१ च्या बिघडलेल्या विकराला अडवणारी गोळी आहे, आयव्होसिडेनिब नावाची. रक्ताच्या एका कर्करोगात आणि पित्तनलिकेच्या कर्करोगात ती वापरतात. कॉन्ड्रोसार्कोमा पसरला असेल किंवा काढता येण्यासारखा नसेल, अशा रुग्णांत तिचे प्रयोग चालले आहेत. दादाची गाठ काढता येण्यासारखी आहे, त्यामुळे आज त्याला ती लागू नाही.

म्हणून भाच्याला सांगा, प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न विचारायचा: हिचं उत्तर ‘हो’ आलं तर दादाचे डॉक्टर एक गोष्ट करतील आणि ‘नाही’ आलं तर दुसरी, असं आहे का? असेल तर तपासणी करा, उसने पैसे घेऊनही करा. नसेल तर नको. भाच्याने सुचवलेल्या जनुकांच्या त्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला तरी ऑपरेशन, वाईट आला तरी ऑपरेशनच. उलट वाईट आला तर निरोगी कड राखून गाठ काढण्याची निकड आणखी वाढते. ‘रिपोर्ट वाईट आला तर चिरफाड नको’ यात नेमकं काय चुकलं, ते हे.

त्याच्याकडचा दुसरा निबंध, ज्यात मूठभर जनुकांवरून ‘रिस्क स्कोअर’ काढलाय, त्याबद्दल माझं मत कडवट आहे. असे निबंध हल्ली ढिगाने येतात. ते कसे तयार होतात ते सांगते. भाचा कंप्युटरवाला आहे, त्याला माझ्यापेक्षा लवकर समजेल. रोग दुर्मिळ, म्हणून गाठींचे नमुने थोडे, शंभरच्या आतबाहेर किंवा त्याहूनही कमी. प्रत्येक नमुन्यात हजारो जनुकांची मोजमापं. माणसं थोडी आणि मापं हजारो असली की कुठली ना कुठली जनुकं मेलेल्या आणि जगलेल्यांना वेगळं करताना दिसणारच, निव्वळ योगायोगानेही. संगणक ती निवडतो, त्यांचा एक गुण तयार होतो, आणि बहुतेक वेळा मधल्या गुणाच्या जागी रेघ मारतात: वरचे ‘हाय रिस्क’, खालचे ‘लो रिस्क’. नीट बघा, ही रेघ मधोमध मारली की कुठल्याही गटातले निम्मे लोक हाय रिस्कच ठरतात. गटातले सगळे ग्रेड १ चे असले तरी निम्मे हाय रिस्कच. मग दोन रेषांचा आलेख छापतात, एक वर राहते, एक खाली घसरते, दिसायला फार पटण्यासारखा.

विचारायचं ते पुढे आहे. हाच गुण दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या इस्पितळातल्या रुग्णांवर, रेघ न हलवता लावून पाहिला का? आणि ग्रेड माहीत असताना हा गुण आणखी काही नवं सांगतो का? पुष्कळदा या जनुकांच्या यादीत पेशी विभाजनाची जनुकं असतात. म्हणजे जे आम्ही काचपट्टीवर ग्रेड म्हणून पाहतो तेच महागड्या यंत्रातून फिरून परत आलेलं. पी-व्हॅल्यूवर जाऊ नकोस म्हणावं. ती फक्त एवढंच सांगते की दोन गटांतला असा फरक नुसत्या योगायोगाने दिसणं किती विरळ, आणि तुझे बाबा कुठला गट नाहीत.

देवाचा कौल घ्यायला देवळात प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावल्या, की पाकळी उजवीकडे पडते नाहीतर डावीकडे. प्रश्न आपला, आणि उत्तरही आपल्या एकट्यापुरतं. तुमच्या घरात सगळे या रिपोर्टाकडे तसाच कौल म्हणून बघायला लागलेत, असं पत्रावरून वाटलं. मार्करचा आकडा अनोळखी माणसांच्या घोळक्याबद्दल बोलतो. ‘हाय रिस्क’ गटातही दहा-पंधरा वर्षं ठणठणीत असलेली माणसं असतात, आणि आपला माणूस त्यांच्यातला की नाही, यावर रिपोर्ट गप्प असतो.

सगळ्याच रेणवीय खुणांना मी निकालात काढते आहे, असं मात्र नाही. टर्ट नावाच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागातला बदल, टीपी५३ मधला बिघाड, सीडीकेएन२ए चं जनुक गळून जाणं, हे वरच्या ग्रेडच्या गाठींत जास्त दिसतात आणि त्यांचा संबंध वाईट वळणाशी जुळतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या कामांतून येतंय. काचपट्टीवर ग्रेड २ दिसणाऱ्या पण आतून ग्रेड ३ सारख्या वागणाऱ्या गाठी ओळखायला पुढे-मागे यांचा उपयोग होईल असं मला वाटतं. परळच्या डॉक्टरांनी स्वतःहून अशी एखादी तपासणी लिहून दिली तर निमूटपणे करा. त्यांच्या मनात एखादा निश्चित प्रश्न असेल.

आणि त्यासाठी आत्ताच एक गोष्ट करून ठेवा, फुकटची आहे. हाडाचा तुकडा कडक असतो, कापता येत नाही, म्हणून आम्ही तो आम्लात मुरवून मऊ करतो. त्या आम्लात डीएनएचा चुराडा होतो. मग कितीही पैसे मोजा, लॅब ‘नमुना अपुरा’ म्हणून परत पाठवते. त्यात कूर्चेत पेशीच विरळ, मूळ डीएनए तुटपुंजा. म्हणून ऑपरेशनच्या आधी सर्जनना विचारा: ‘गाठीचा एखादा मऊ तुकडा आम्लात न घालता वेगळा ठेवाल का? पुढे जनुकांची तपासणी लागली तर?’ मोठ्या केंद्रात हे बहुधा आपणहून करतात, तरी विचारायला काय जातं. त्या कडक आम्लाऐवजी ईडीटीए नावाचं सौम्य रसायन वापरलं तरी डीएनए बराचसा वाचतो. बांबोळीच्या बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, ज्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो, तेही रीतसर अर्ज करून घ्या आणि परळला न्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा बघतीलच.

आणखी एक बारीक सूचना भाच्यासाठी, तो पुढेमागे कुठल्याही लॅबशी बोलणार असेल तर. आयडीएचसाठी स्वस्तातला रंग लावून तपास करतात, तो बदलाचा एकच प्रकार पकडतो, मेंदूच्या गाठीत जास्त दिसणारा. कूर्चेच्या गाठीत दुसराच प्रकार जास्त असतो. तो रंग निगेटिव्ह आला म्हणजे बदल नाही, असं होत नाही. डीएनएचा क्रम वाचावा लागतो.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. बायोप्सीची सुई गाठीच्या एका कोपऱ्यातून तुकडा काढते. ऑपरेशननंतर अख्खी गाठ आमच्या टेबलावर येते, तिचे जागोजागी काप घेतो, आणि कधी कधी ग्रेड बदलतो. खालीही येतो, वरही जातो. क्वचित कूर्चेला लागून एकदम उग्र पेशींचा भाग सापडतो; त्या प्रकाराचं वागणं फार वेगळं आणि वाईट असतं, आणि त्यात किमोचा विचारही होतो. एमआरआय पाहिलेल्या डॉक्टरांना तशी शंका असती तर ते बोलले असते, म्हणून रात्री जागत बसू नका. पण अंतिम रिपोर्ट ऑपरेशननंतरचाच, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. तो रिपोर्ट हातात आला की त्यात कडेबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, ग्रेड त्याच्यानंतर.

वहिनींना सांगा, मुलांची काळजी बहुतेक अनाठायी आहे. आयडीएचचा बदल गाठीतल्या पेशीतच घडलेला असतो, बापाकडून मुलांकडे जात नाही. अपवाद एक. दादाला लहानपणापासून गुडघ्याशी, खांद्याशी, मनगटाशी हाडाचे टणक उंचवटे असतील, आणि घराण्यात आणखी कोणाला असतील, तर ते डॉक्टरांना जरूर दाखवा. तो आनुवंशिक प्रकार वेगळा, त्याची जनुकंही वेगळी, आणि त्यात मुलांची तपासणी करावी लागते.

आता दादाला सांगायचं की नाही. ताई, ज्या माणसाला बांबोळीहून परळला पाठवलंय त्याला ‘नुसती गाठ’ पटली असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? टाटाच्या दारात पाय ठेवला की पाटी वाचता येतेच. भोवतालची माणसं, त्यांच्या फायली, सगळं बोलत असतं. तिथे परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा निघण्याआधी घरी, वहिनींच्या समोर, तुम्हीच सांगा. लांबड लावू नका. कर्करोग आहे, मांडीपुरता आहे, छातीत गेलेला नाही, काढून टाकायला जायचंय, एवढं पुरे. टक्केवारी त्याने विचारली तरच. काहींना आकडा हवा असतो, काहींना नको असतो, आणि तो हक्क ज्याचा पाय त्याचा. संमतीपत्रावर सही त्यालाच करायची आहे. पाय वाचवून गाठ काढली आणि आत धातूचा सांधा बसवला, तर पुढे उकिडवं बसणं, बांधावरून उड्या मारणं, चढण चढणं यावर बंधनं येतील. कुळागराचं काम कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवायलाही त्याला थोडा वेळ हवा.

ऑपरेशननंतर तपासणीला जात राहायचं आहे, आणि ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ असं या रोगात म्हणत नाहीत. सावकाश वाढणारी गाठ सावकाशच परत येते, दहा वर्षांनंतरही. छातीचा फोटो आणि मांडीची तपासणी ठरवून दिलेल्या तारखांना चुकवू नका. भाच्याला कंप्युटरवर काही करायचंच असेल तर या तारखांचं कॅलेंडर आणि सगळ्या रिपोर्टांची तारीखवार फाइल करू द्या. सीटी आणि एमआरआयच्या सीडी नुसत्या रिपोर्टाच्या कागदापेक्षा मोलाच्या आहेत, त्या विसरू नका. बायोप्सीची सुई जिथून गेली ती जागाही सर्जनना दाखवा. ती वाट ऑपरेशनमध्ये गाठीबरोबरच काढावी लागते, आणि जखम भरून आली की खूण सापडत नाही; आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर निघण्याआधी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का पाहा, आणि गोव्याबाहेरच्या उपचारासाठी सरकारी मदतीचं काय करता येईल ते गोमेकॉतल्या समाजसेवकांना विचारा. ऑपरेशन झाल्यावर कागद गोळा करत फिरण्यापेक्षा आधीचे दोन दिवस त्यात घालवलेले बरे. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. जागेची खात्री नसते, म्हणून दुसरी सोय मनात ठेवा.

आणि शेवटचं, पण आज संध्याकाळपासून पाळायचं. दादाला कुळागरात जाऊ देऊ नका. गाठीने पोखरलेलं हाड साध्या पाय मुरगळण्यानेही मोडतं, आणि तिथे मोडलं तर गाठीतल्या पेशी रक्ताबरोबर भोवतालच्या मांसात पसरतात. जे ऑपरेशन पाय राखून झालं असतं ते मग राखून होईलच असं नाही. कुबड्या किंवा वॉकर घ्या, उजव्या पायावर भार नको. तेलाने चोळणं आता पूर्ण बंद. कोकणकन्येने जाणार असाल तर खालचा बर्थ मागा. कर्करोगाच्या रुग्णाला तिकिटात सवलत मिळते, त्यासाठीचा दाखला इस्पितळातून सही-शिक्क्यानिशी आधीच घेऊन ठेवा. आणि मडगावला गाडीत चढताना त्याला मागून आधार द्यायला भाच्याला पुण्याहून बोलावून घ्या.